जनरेटरचा न्यूट्रल-अर्थ जोड काढावा का? ह्यूस्टनमधल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातलं. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि उन्हाळ्यापुरती नाशिकहून आलेली आजी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी विद्युत अभियंता. घरमालक माझ्या ओळखीचे, त्यामुळे त्यांचा फोन आल्यापासून पुढचं सगळं मला जवळून पाहता आलं.

१६ मे २०२४ च्या डेरेचो वादळात (सरळ रेषेत सुसाट वारे आणणारं गडगडाटी वादळ) ह्यूस्टनच्या मोठ्या भागातली वीज गेली, तशी या घरचीही गेली. फ्रीझरमधला मटार, खोवलेला नारळ, सगळं टाकून द्यावं लागलं. ते एक वेळ चाललं असतं, पण आजींचं इन्शुलिन थंड ठेवायला बर्फ शोधत फिरावं लागलं, ते घरमालकांच्या मनात राहिलं. वीज परत आल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. ७,५०० वॉटचा, चाकांवर ओढून न्यायचा पेट्रोल जनरेटर घेतला. आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीवर इनलेट, म्हणजे जनरेटरची केबल घराला जोडायची जागा, आणि मेन पॅनेलवर इंटरलॉक बसवून घेतला.

इंटरलॉक ही साधी सरकती लोखंडी पट्टी असते. मेन ब्रेकर चालू असेल तर जनरेटरचा ब्रेकर चालू होऊ देत नाही, आणि तो चालू असेल तर मेन अडवते. जनरेटरची वीज चुकून कंपनीच्या तारांवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ नये, हा तिचा उद्देश. स्वस्त आणि भरवशाची वस्तू आहे. मात्र या प्रकरणाचं मूळ तिच्यात नसलेल्या एका गोष्टीत आहे: जनरेटरचा ब्रेकर दोन पोलचा असतो, तो फक्त दोन फेज तोडतो. न्यूट्रल कुठेच तुटत नाही. घर कंपनीच्या विजेवर चालो की जनरेटरवर, न्यूट्रल तोच, सलग.

अमेरिकेतल्या घरांची रचना आपल्याकडच्यापेक्षा वेगळी असते, ती इथेच सांगून टाकतो. घरात दोन फेज येतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, दोन फेजमध्ये २४० व्होल्ट. मेन पॅनेलमध्ये न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी एकमेकींना जोडलेल्या असतात. हा जोड तिथेच असायचा, त्यापुढे घरात कुठेही नाही, असा तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचा दंडक आहे. एखाद्या मिक्सरच्या बॉडीला फेज लागला तर तो प्रवाह अर्थच्या तारेने पॅनेलपर्यंत येतो, या जोडातून न्यूट्रलवर जातो आणि ब्रेकर पाडतो. जमिनीत ठोकलेल्या रॉडचा यात जवळजवळ काही वाटा नसतो.

इलेक्ट्रिशियनने जूनमध्ये काम संपवलं. तपासणी अधिकारी पॅनेल आणि इनलेट बघून गेला, सही झाली. जनरेटर तेव्हा गॅरेजमध्ये खोक्यातच होता.

अडचण

८ जुलैला पहाटे बेरिल चक्रीवादळ मॅटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आलं आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. पाऊस ओसरल्यावर घरमालकांनी जनरेटर बाहेर काढला. घरापासून वीस फूट लांब, धुराड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला, हा कार्बन मोनॉक्साइडबद्दलचा सरकारी सल्ला त्यांनी पाळला होता. जनरेटर चालू केला, चारतारी केबल इनलेटला लावली, आणि खट्. जनरेटरच्या पॅनेलवरचा जीएफसीआय पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

जीएफसीआय म्हणजे आपल्याकडच्या, प्रवाहाची गळती दिसली की वीज तोडणाऱ्या आरसीसीबीचा अमेरिकी भाऊ. आपला घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा, हा ४ ते ६ मिलिअँपिअरवर पडणारा, म्हणजे बराच नाजूक. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का, एवढंच तो बघतो; गल्ल्यात पैसे कमी भरले की दुकान बंद.

घरमालकांना साहजिकच वाटलं की घरातलं एखादं उपकरण गळतंय. त्यांनी घरातले सगळे ब्रेकर बंद केले. तरी पडला. मग जनरेटरचा दोन पोलचा ब्रेकरही बंद केला, म्हणजे घरात एकही फेज जात नव्हता. तरी पडला. केबल इनलेटमधून काढली की जीएफसीआय निमूट टिकायचा.

यंत्र जिथून घेतलं त्या दुकानाच्या फोनवर सल्ला मिळाला: जीएफसीआय खराब असणार, जनरेटर बदलून घ्या. वादळानंतरच्या त्या दिवसांत बदलून द्यायला दुकानात यंत्रच नव्हतं, हे एका अर्थी बरंच झालं. नवं यंत्रही तसंच पडलं असतं.

पहिली रात्र

माझ्याकडे फोन आला तो संध्याकाळी. लक्षणं ऐकूनच कारण बहुतेक कळलं होतं, पण मी सुचवलं ते इतकंच: आज घराचं काही करू नका. अंधारात, ओल्या अंगणात, कपाळाला टॉर्च बांधून जनरेटर उघडायची ही वेळ नाही. जाड एक्स्टेंशन वायर थेट जनरेटरच्या १२० व्होल्टच्या सॉकेटला लावा, फ्रीज, एक पंखा आणि फोनचे चार्जर चालवा.

तसं केलं आणि रात्र गेली. या प्रकरणातला हा पहिला निर्णय. तो फारसा नजरेत भरत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच. जनरेटर जसा कारखान्यातून आला होता तसा, स्वतःच्या सॉकेटवर वायर लावून वापरायला तो पूर्ण सुरक्षित होता. गरज इन्शुलिनची होती, ती भागली. एसीची घाई थांबवता येते.

कारण काय होतं

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्टिमीटर घेऊन गेलो. जनरेटर बंद, केबल काढलेली. जनरेटरच्या सॉकेटमधला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला रोध मोजला: जवळजवळ शून्य. म्हणजे या यंत्रात न्यूट्रल आतूनच बॉडीला जोडलेला होता. माहितीपुस्तिकेतही ते छापलं होतं, पेट्रोल आणि तेलाच्या पानांनंतर, एका ओळीत.

आता घराच्या पॅनेलमध्ये एक जोड, जनरेटरमध्ये दुसरा जोड आणि दोघांच्या मध्ये केबलचे न्यूट्रल आणि अर्थ. दोन्ही तारा दोन्ही टोकांना एकमेकींना जोडल्या गेल्या. समजा एका फेजवर २० अँपिअर आणि दुसऱ्यावर १२ अँपिअर भार आहे. न्यूट्रलमधून ८ अँपिअर परत यायला हवेत. तारा सारख्याच जाडीच्या, त्यामुळे हे ८ अँपिअर वाटले जातात: साधारण निम्मे न्यूट्रलमधून, निम्मे अर्थमधून आणि जनरेटरच्या बॉडीतून. ५ मिलिअँपिअरच्या फरकावर पडणाऱ्या उपकरणाला ४ अँपिअरचा फरक दिसतो.

मग काहीच भार नसताना तो का पडायचा? जीएफसीआयमध्ये दुसरी एक छोटी कॉइल असते. ती न्यूट्रलवर सतत एक बारीक संकेत सोडत असते. पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ जोडले गेले असतील तर त्या दोन तारांचं वर्तुळ पूर्ण होतं, संकेताचा प्रवाह वाहू लागतो आणि भार नसतानाही जीएफसीआय पडतो. दोन पोलचा ब्रेकर बंद असताना पडण्याचंही हेच कारण: न्यूट्रल आणि अर्थ त्या ब्रेकरमधून जातच नाहीत. घरमालकांनी वैतागून केलेला तो शेवटचा प्रयोगच खरं निदान होता. फेज एकही जोडलेला नाही आणि तरी पडतो, तर दोष उपकरणात नाही, जोडणीच्या रचनेत आहे.

यंत्र बिघडलेलं नव्हतं आणि इंटरलॉकही चुकीचा नव्हता. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, एकत्र आणल्यावर न्यूट्रल-अर्थ जोड दोन ठिकाणी झाले.

एक प्रश्न रास्त आहे: कारखान्यात जोड करूनच का पाठवतात? कारण अशी यंत्रं बांधकामाच्या जागेसाठीही विकली जातात. तिथे ड्रिल, करवत थेट जनरेटरला लागते, मध्ये घर नसतं, आणि जीएफसीआयने माणसाला वाचवायचं असेल तर परतीची वाट जनरेटरमध्येच हवी. २०१७ च्या कोडमधलं कलम ४४५.२० जोड असलेल्या आणि नसलेल्या जनरेटरबद्दल वेगवेगळं बोलतं, आणि १२० व्होल्टच्या नेहमीच्या सॉकेटना संरक्षण मागतं. या यंत्राच्या उत्पादकाने मात्र सगळ्या पॅनेललाच, म्हणजे घराला जोडायच्या चार पिनांच्या ३० अँपिअर सॉकेटलाही, जीएफसीआयमागे ठेवलं होतं. जुन्या यंत्रांत ते सॉकेट बहुधा जीएफसीआयविना असायचं, म्हणून तिथे दोन जोड असूनही काही पडायचं नाही. अर्थच्या तारेतून गुपचूप प्रवाह वाहत राहायचा.

पर्याय

त्या सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर जे जे मार्ग मांडले गेले ते सगळे माझे नव्हते. काही शेजाऱ्यांचे होते, एक नाशिकहून व्हॉट्सअॅपवर आला.

शेजाऱ्यांचा मार्ग: केबलमधली अर्थची तार कापून टाका. असं केलं की वर्तुळ तुटतं आणि जीएफसीआय टिकतो हे खरं. पण मग जनरेटरची बॉडी घराच्या अर्थपासून सुटते आणि फक्त न्यूट्रलच्या भरवशावर राहते. केबलमधला न्यूट्रल कधी ढिला झाला, तुटला, तर आतला जोड तसाच असल्यामुळे ती बॉडी १२० व्होल्टपर्यंत जिवंत होऊ शकते. ओल्या गवतात उभं राहून कोणीतरी पेट्रोल भरायला तिथे हात लावणारच. हा मार्ग क्षणात बाद.

घराच्या पॅनेलमधला जोड काढायचा? हा सगळ्यांत वाईट. वीज परत आली की घराला फॉल्टचा प्रवाह परत न्यायला फक्त जमिनीतला रॉड उरतो. रॉडचा रोध २५ ओहम धरला तर १२० व्होल्टवर ४.८ अँपिअर वाहतील. १५ अँपिअरचा ब्रेकर त्यावर कधीच पडणार नाही आणि मिक्सरची बॉडी तशीच जिवंत राहील.

जीएफसीआय काढून साधं सॉकेट बसवायचं? आवाज बंद होतो, रोग राहतो. अर्थच्या तारेत प्रवाह वाहतच राहील.

नाशिकचा सल्ला घरमालकांच्या मेहुण्यांचा. ते तिथे विजेची कंत्राटं घेतात, कामाचे जाणकार. त्यांचा फोन तासाभरात आला. "दाजी, न्यूट्रलला हात लावू नका. न्यूट्रल गेला की काय होतं मी रोज बघतो, टीव्ही-फ्रीज सगळं जळेल. जनरेटरशेजारी अर्थिंग ठोका, झालं."

या सल्ल्यात एक भीती बरोबर होती आणि एक उपाय गैरलागू. न्यूट्रल तुटण्याची भीती अगदी खरी. अमेरिकेतही दोन फेजमधला न्यूट्रल सुटला तर एका बाजूला १२० च्या जागी १८० व्होल्ट येऊ शकतात. पण इथे न्यूट्रलची तार काढायचीच नव्हती, न्यूट्रल आणि बॉडी यांच्यातला पूल काढायचा होता. बंद टर्मिनल बॉक्समध्ये या दोन गोष्टी एकाच स्क्रूच्या आसपास असतात, म्हणून मेहुण्यांचा इशारा मी मनात टिपून ठेवला. पुढे तो उपयोगी पडला. अर्थ रॉडचं म्हणाल तर घराचा रॉड केबलमधल्या अर्थच्या तारेने जनरेटरपर्यंत पोचलेलाच होता. दुसरा ठोकला असता तरी दोन जोड दोनच राहिले असते आणि जीएफसीआय पडतच राहिला असता.

खरे पर्याय तीन उरले.

पहिला, घर कंपनीच्या विजेवरून जनरेटरवर नेताना फेजबरोबर न्यूट्रलसुद्धा बदलणारा ट्रान्सफर स्विच. तो बसवला की जनरेटरवर असताना घराच्या सर्किटचा न्यूट्रल पॅनेलच्या जोडापासून सुटतो, जनरेटर स्वतंत्र स्रोत ठरतो आणि त्याच्या आतला जोड हाच एकमेव जोड उरतो. यंत्राला हात लावावा लागत नाही आणि ते बांधकामावरही तसंच वापरता येतं. तांत्रिकदृष्ट्या मला हा सगळ्यांत देखणा वाटतो. पण खर्च मोठा, नुकताच बसवलेला इंटरलॉक वाया, नवा परवाना, आणि वादळानंतरच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन मिळायची मारामार.

दुसरा, जोड नसलेलं यंत्र घेणं. होंडाच्या ईयू मालिकेतली इन्व्हर्टर यंत्रं कारखान्यातूनच तशी येतात. पण त्या आठवड्यात दुकानांत कोणतंच यंत्र नव्हतं.

तिसरा, आहे त्या यंत्रातला जोड काढणं, आणि ते यंत्र फक्त या घराच्या इनलेटपुरतं वापरणं.

निर्णय आणि कृती

तिसरा मार्ग ठरला, पण तीन अटींवर. उत्पादकाची लेखी संमती हवी. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं. आणि काम झाल्यावर मोजमाप केल्याशिवाय घराला जोडायचं नाही. पहिली अट घरमालकांना थोडी जास्त वाटली. पण वॉरंटीचा प्रश्न होताच, शिवाय प्रत्येक यंत्रात जोड वेगळ्या जागी असतो. कुठे अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या मागच्या झाकणाआड, कुठे पुढच्या पॅनेलमागे सॉकेटच्या टर्मिनलवर. काही यंत्रांत व्होल्टेज रेग्युलेटर किंवा जीएफसीआयचा मॉड्यूल त्या जोडाशी गुंतलेला असतो. अंदाजाने तार ओढायचं हे काम नव्हे.

उत्पादकाच्या मदतकेंद्राने ईमेलवर आकृती पाठवली आणि हे काम परवानाधारकानेच करावं असं लिहिलं. जूनमधलाच इलेक्ट्रिशियन तिसऱ्या दिवशी आला.

मागचं झाकण काढल्यावर जोड दिसला: न्यूट्रलच्या टर्मिनलपासून बॉडीच्या एका स्क्रूपर्यंत वीतभर तार. आणि त्याच स्क्रूवर, त्याच वॉशरखाली, सॉकेटकडून येणारी अर्थची हिरवी तारही आवळलेली. जोड काढायच्या भरात ती हिरवी तार बाहेर राहिली असती तर सॉकेटचा अर्थ बॉडीपासून तुटला असता आणि वरून काहीच कळलं नसतं. पॅनेलवरचे दिवे लागले असते, फ्रीज चालला असता. मेहुण्यांची भीती न्यूट्रलबद्दल होती, खरा खड्डा अर्थच्या बाबतीत निघाला, पण "त्या स्क्रूपाशी सावध" हे त्यांच्यामुळेच आधी बोलून झालं होतं. इलेक्ट्रिशियनने जोडाची तार दोन्ही टोकांनी काढली, हिरवी तार जागेवर परत आवळली.

दोन्ही टोकांनी, हा माझा हट्ट. एक टोक सोडून उरलेलं टेपने गुंडाळून आत ठेवायची पद्धत आहे, त्यालाही तेच करायचं होतं. पण जनरेटर थरथरतो, गरम होतो, टेप सुटते, आणि लोंबणारी तार एखाद्या दिवशी पुन्हा बॉडीला टेकते. मग जोड अर्धवट, कधी असतो कधी नसतो, आणि असा दोष शोधण्यात दिवस जातो. तार पूर्ण काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, स्क्रूच्या नोंदीसह पुस्तिकेला बांधून ठेवली.

मग मोजमापं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात आता संपर्क नाही. सॉकेटचा अर्थ आणि बॉडी यांच्यात रोध जवळजवळ शून्य, म्हणजे हिरवी तार जागेवर. केबल इनलेटला लावल्यावर न्यूट्रल-अर्थ संपर्क पुन्हा दिसला, आता घराच्या पॅनेलमधल्या जोडामुळे, आणि तिथेच तो हवा होता. जनरेटर चालू केल्यावर दोन्ही फेजवर १२० च्या आसपास, दोहोंत २४०. भार टाकला: एका बाजूला फ्रीज आणि फ्रीझर, दुसऱ्या बाजूला खिडकीतला एसी. भार मुद्दाम असमान ठेवला, म्हणजे न्यूट्रलमधून चांगला प्रवाह वाहील. केबलच्या टोकाशी अर्थच्या तारेला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला: शून्य. जीएफसीआय टिकून होता.

परिणाम

पुढचे दिवस घर या जनरेटरवर चाललं. इन्शुलिन फ्रीजमध्ये राहिलं, आजींच्या खोलीत एसी राहिला. ३० अँपिअरच्या सॉकेटमधून २४० व्होल्टवर जास्तीत जास्त ७,२०० वॉट मिळतात, त्यामुळे मध्यवर्ती एसी चालवायचा मोह टाळावा लागला. कपडे वाळवायच्या यंत्राचा ब्रेकर घरमालकांनी टेप लावून बंद ठेवला, मुलीच्या भरवशावर नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना नीट समजावून सांगावी लागली. जोड आता घराच्या पॅनेलमध्ये, म्हणजे जनरेटरच्या जीएफसीआयच्या पलीकडे आहे. घरात कुठे फॉल्ट झाला तर तो प्रवाह पॅनेलमध्ये न्यूट्रलवर चढतो आणि जीएफसीआयमधून न्यूट्रलनेच परत येतो. जनरेटरवरच्या जीएफसीआयला त्यात काहीच वावगं दिसत नाही. म्हणजे घराला जोडलेला असताना तो जणू झोपलेला आहे. माणसाला वाचवायचं काम बाथरूम, स्वयंपाकघर, गॅरेज इथल्या घराच्या स्वतःच्या जीएफसीआय सॉकेटवर आलं. ती सॉकेट त्याच दिवशी एकेक करून तपासली. गॅरेजमधलं एक मेलेलं निघालं, ते बदललं.

खरी परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. वादळात पडलेल्या ओकच्या फांद्या कापायला शेजाऱ्याने जनरेटर मागितला, विजेच्या करवतीसाठी. त्याने सॉकेटवरचं टेस्ट बटण दाबून पाहिलं, जीएफसीआय व्यवस्थित पडला, म्हणून तो निर्धास्त. पण यंत्रावर घरमालकांनी मोठी चिकटपट्टी लावली होती: न्यूट्रल मोकळा आहे, फक्त घराच्या इनलेटसाठी. ती वाचून शेजाऱ्याने विचारलं आणि घरमालकांनी मला.

टेस्ट बटणाने फसगत होते ती इथेच. बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यात आतल्या आत एक छोटा रोध जोडतं, त्याला अर्थची गरज नसते, त्यामुळे मोकळ्या न्यूट्रलवरही बटण काम करतं. तीन दिव्यांचा बाहेरून लावायचा टेस्टर लावला तर तो "अर्थ तुटला" असं दाखवतो आणि त्याचं बटण जीएफसीआय पाडू शकत नाही. जोड काढलेल्या यंत्रावर एकटी करवत चालवली तर पहिल्या फॉल्टला धक्का बसणार नाही हे खरं, कारण प्रवाहाला परतीची वाटच नाही. पण तो फॉल्ट लपून राहतो, काहीच पडत नाही. नंतर दुसऱ्या उपकरणात दुसऱ्या फेजला फॉल्ट झाला, आणि अर्थची तार कुठे तुटलेली असली, तर दोन बॉडींमध्ये पूर्ण व्होल्टेज उभं राहू शकतं.

बाजारात आणि प्रवासी व्हॅनवाल्यांत एक तोडगा चालतो: न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेला एक रिकामा प्लग जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये लावायचा. या यंत्रावर तो चालला नसता. सगळी सॉकेट जीएफसीआयच्या पुढची, त्यामुळे जोडही त्याच्या पुढेच झाला असता आणि घराला जोडल्यावर होतं तसंच संरक्षण आंधळं झालं असतं. करवतीला शेवटी घराच्या गॅरेजमधल्या, नुकत्याच बदललेल्या सॉकेटवरून वायर दिली.

काय वेगळं करता आलं असतं

जनरेटर आणि इंटरलॉक यांची एकत्र चाचणी जूनमध्येच व्हायला हवी होती. इलेक्ट्रिशियनने इंटरलॉक बसवला, अधिकाऱ्याने पॅनेल पाहिलं, घरमालकांनी यंत्र खोक्यात ठेवलं. तिघांचं काम बरोबर आणि मधली केबल कोणाचीच नाही. इलेक्ट्रिशियनचं काम संपल्यावर लगेच एका कोरड्या सकाळी पंधरा मिनिटं मेन पाडून घर चालवून पाहिलं असतं तर हे सगळं शांतपणे निस्तरता आलं असतं, आणि ट्रान्सफर स्विचचा पर्याय खऱ्या अर्थाने खुला राहिला असता.

खरेदीच्या वेळी वॉटऐवजी आधी विचारायचा प्रश्न: न्यूट्रल बॉडीला जोडलेला आहे का, आणि ३० अँपिअरचं सॉकेट जीएफसीआयमागे आहे का? दुकानातल्या माणसाला हे माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधीच वाचता येते. काही यंत्रांत हा जोड बाहेरून बदलता येतो, ती थोडी महाग असली तरी अशा घराला परवडतात.

यंत्राला दुहेरी आयुष्य जगायचं असेल, आज घर आणि उद्या शेजाऱ्याची करवत, तर जोड काढणं हा माझ्या मते चुकीचा मार्ग. तिथे न्यूट्रल बदलणारा स्विचच हवा. या घरी तिसरा पर्याय योग्य ठरला कारण यंत्र घराबाहेर जायचं नाही हे ठरवणं शक्य होतं. आता शेजाऱ्याला द्यायला घरमालकांनी एक छोटं, जोड असलेलं, बांधकामाच्या वापराचं यंत्र जुन्या बाजारातून घेतलंय, हे थोडं गमतीचं आहे, पण करवतीला तेच योग्य.

दिवाळीच्या सुमारास मेहुण्यांचा पुन्हा फोन आला. नाशिकमध्ये एका बंगल्याला असाच पोर्टेबल जनरेटर जोडायचा होता. "दाजी, तुमच्याकडे काढला तसा मी इथे जोड काढू का?" घरमालकांनी फोन माझ्याकडे दिला. मी आधी विचारलं, चेंजओव्हर, म्हणजे महावितरण आणि जनरेटर यांत घर बदलणारा स्विच, किती पोलचा. दोन पोलचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. मग उत्तर उलटं. महावितरणचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो, बंगल्याच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतात. चेंजओव्हर जनरेटरवर टाकला की ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल सुटतो, आणि त्याच्याबरोबर अर्थशी असलेला एकुलता संबंधही. आता जनरेटरमध्येही जोड नसेल तर बंगल्यातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कितीही चांगला असला तरी पडणार नाही, कारण गळलेल्या प्रवाहाला जनरेटरकडे परत जायला वाटच नाही. तिथे जोड जनरेटरपाशी हवा, आणि जनरेटरची बॉडी बंगल्याच्या अर्थ पिटला जोडलेली हवी.

"आणि फक्त फेज बदलणारा चेंजओव्हर असेल तर?" त्यांनी विचारलं. खर्च वाचवायला कधी कधी तसा बसवतात. मग महावितरणचा न्यूट्रल कायम जोडलेला, म्हणून जनरेटरमध्ये जोड नको. आणि मी तर आधी तो चेंजओव्हरच बदलून दोन पोलचा लावायला सांगेन. ते म्हणाले, तोच बसवलाय, आणि काम सुरू करण्याआधी मल्टिमीटरचा फोटो पाठवतो. संध्याकाळी फोटो आला: न्यूट्रल आणि बॉडी यांच्यात ०.२ ओहम.